कागदी कृष्णा टांगण्याआधी दोन दिवस दम धरा

आमच्याकडून येणाऱ्या खोक्यात महाबळेश्वर ते नरसोबाची वाडी अशी कृष्णा नदी आहे. कागदाच्या नऊ पट्ट्या, सगळ्या हाताने कोरलेल्या. वाईचा घाट, कऱ्हाडला कृष्णेच्या अगदी समोरून येणारी कोयना, भिलवडी-औदुंबरच्या मगरी, हरिपुरात मिळणारी वारणा, सगळं सापडेल. सर्वांत जास्त ब्लेडं सांगलीच्या आयर्विन पुलाने खाल्ली. १९२९ सालचा हा पूल पुराचं पाणी मोजायच्या फुटांच्या खुणांशिवाय दिला, तर सांगलीकर तो परतच करतील! ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ती रेघ आरपार कापली आहे, मागून दिवा लावला की आधी तीच उजळते.

आता मुद्द्याचं. खोकं उघडलं त्याच दिवशी पट्ट्या टांगू नका.

आमच्याकडे कागद कोरड्या खोलीत असतो. श्रावण-भाद्रपदात तुमचा हॉल दमट. कागद ओल पितो आणि फुगतो, तोही सगळीकडे सारखा नाही: तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त, उभ्या दिशेने कमी. टांगलेल्या पट्टीत हे घडलं की ती पापडासारखी वाकडी होते. मग कुणीतरी इस्त्री आणतं. गेल्या गणपतीत एका मंडळाने तेच केलं. दोन कमानी तुटल्या, अख्खी पट्टी नव्याने कोरावी लागली, आमचे तीन दिवस गेले आणि त्यांची आरास पाचव्या दिवशी लागली.

म्हणून ज्या खोलीत टांगायचं, तिथेच सतरंजीवर पट्ट्या आडव्या पसरा. मधले बटर पेपर राहू द्या. दोन रात्री जाऊ द्या, मगच दोऱ्यावर चढवा. खालची कड मोकळी ठेवा, टेप लावू नका. पंख्याच्या वाऱ्याने ती हलणारच, नदी आहे.

‘लॅमिनेशन करून द्या ना’ असं दर आठवड्याला कुणीतरी म्हणतं. आम्ही करत नाही. कापलेल्या जागी प्लॅस्टिक आलं की ते चकाकतं आणि भिंतीवरची सावली मरते. ही सावली म्हणजे निम्मं काम. आम्ही आम्लरहित कागद वापरतो. महाग पडतो, पण साध्या कागदासारखा लवकर पिवळा पडत नाही.

फक्त वाई किंवा कऱ्हाडची पट्टी सुटीही मिळते. गणपतीसाठी हवी असेल तर आषाढीच्या आत सांगा. सांगली-मिरजेत टांगायला आम्हीच येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. खोकं मात्र दोन दिवस आधी पोचेल, ते उघडून पसरायचं काम तेवढं तुमचं.