वर्तनातील लिंगभाव-भेद

स्त्री-पुरुषांच्या वागण्यात, आवडीनिवडींत आणि कौशल्यांत आढळणारे सरासरी फरक. सरासरीवरून एखाद्या व्यक्तीबद्दल मात्र फारसे काही ठरवता येत नाही.

जैविक बाजूचा भक्कम पुरावा गर्भावस्थेतील संप्रेरकांचा आहे. अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात गर्भातील मुलीच्या शरीरात अँड्रोजेनचे (टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी संप्रेरकांचे) प्रमाण फार वाढते. या मुलींना मुलगी म्हणूनच वाढवले जाते, तरी त्या इतर मुलींपेक्षा गाड्या, ठोकळे अशा खेळण्यांकडे अधिक वळतात. त्यावरून थेट गणितातल्या गतीपर्यंत किंवा नेतृत्वगुणांपर्यंत उडी मारणे हा आततायीपणा, आणि तो वारंवार होतो.

समाजाचा वाटा मेघालयातील खासींच्या अभ्यासात ठळक दिसतो. खासींमध्ये वंश आईकडून चालतो आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते. (म्हणून तिथे ‘बायकांचे राज्य’ आहे असे नाही, मामाचा शब्द घरात वजनदार असतो.) 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 3 मीटरवरच्या बादलीत दहा वेळा चेंडू टाकायचा होता. प्रत्येक यशस्वी फेकीला ठरावीक पैसे घ्या, किंवा अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी स्पर्धा करून जिंकल्यास तिप्पट घ्या. टांझानियातील पितृसत्ताक मसाईंमध्ये 50 टक्के पुरुषांनी आणि 26 टक्के स्त्रियांनी स्पर्धा निवडली. खासींमध्ये चित्र उलटले: स्त्रिया 54 टक्के, पुरुष 39.

मसाई आणि खासी यांच्यात इतरही असंख्य फरक आहेत, हा आक्षेप रास्त आहे. त्या दृष्टीने 2011 चा अभ्यास अधिक पटतो. त्यात खासींची तुलना ईशान्य भारतातल्याच पितृवंशीय कार्बींशी केली होती. आकार-अवकाशाची जाण मोजणारे चार तुकड्यांचे कोडे जुळवायला कार्बी पुरुषांना स्त्रियांपेक्षा बराच कमी वेळ लागला; खासींमध्ये असा फरक आढळला नाही. कार्बींमधल्या तफावतीचा काही भाग शिक्षणातील अंतराने उलगडतो.

शरीर आणि समाज यांची वाटणीही सरळ करता येत नाही. फिलिपाइन्समधील सेबू येथील 2011 च्या अभ्यासात बाप झालेल्या तरुणांचे टेस्टोस्टेरॉन घटले, आणि मुलांचे रोज अधिक करणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी होते. टांझानियातील हाडझा बाप तान्ह्या मुलांना सांभाळतात, शेजारचे पशुपालक दातोगा बाप त्यापासून लांब राहतात. हाडझांमध्ये बापांचे टेस्टोस्टेरॉन मूल नसलेल्या पुरुषांहून कमी आढळले. दातोगांमध्ये तसा फरक दिसला नाही.