हॉट टब घरात आला कसा?

हॉट टब म्हटलं की बऱ्याच जणांना पैसेवाल्यांचे चोचलेच वाटतात, पण त्यातले ते जेट्स, म्हणजे जोरात सुटणारे पाण्याचे झोत, मुळात एका लहान मुलाचे सांधे दुखायचे म्हणून आले, आणि मला वाटतं हे आधी सांगायला हवं.

गरम पाण्यात बसून अंग शेकणं तसं फार जुनं आहे. रोममध्ये इ.स. २१६ च्या सुमारास सम्राट काराकालाची स्नानगृहं सुरू झाली, तिथे जमिनीखालून गरम हवा खेळवून खोल्या तापवायचे. जपानमध्ये तर आजही लोक आधी अंग स्वच्छ धुतात आणि मगच टबात उतरतात.

जेट्सची गोष्ट मात्र जकूझी भावांची. इटलीतून कॅलिफोर्नियात आलेले हे सात भाऊ विमानांचे पंखे बनवायचे, मग स्वतःचं विमानच बनवलं, पण १९२१ मध्ये ते कोसळलं आणि त्यात एक भाऊ गेला, तेव्हा विमानांचा नाद सोडून ते विहिरीच्या पंपांकडे वळले. पुढे यातल्याच कँडिडो जकूझीच्या मुलाला अगदी लहानपणी संधिवात झाला, हॉस्पिटलमध्ये पाण्याच्या उपचाराने त्याला बरं वाटायचं, मग बापाने घरच्या साध्या बाथटबमध्ये ठेवता येईल असा पंप तयार केला. यातली युक्तीही साधी आहे बघा: पाणी बारीक तोंडातून सोडलं की त्याचा वेग वाढतो, तिथला दाब कमी होतो आणि हवा आपोआप आत ओढली जाते, म्हणून तो बुडबुड्यांचा झोत नुसत्या पाण्यापेक्षा मऊ लागतो. १९६८ मध्ये त्याच घराण्यातल्या रॉय जकूझीने जेट्स थेट टबच्या भिंतीतच बसवले.

त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात लोक वाइनची जुनी लाकडी पिंपं गरम पाण्याने भरून चार जणं मिळून बसायला लागले होते. लाकूड गळायचं, साफ करणं कटकटीचं, त्यामुळे पुढे फायबरग्लास आणि ॲक्रिलिक आलं. आजचा टब म्हणजे जकूझींचे जेट्स आणि ही चार जणांनी बसायची पिंपं, या दोन्हीचं मिश्रण.

पण बाथटबचं पाणी आपण लगेच सोडून देतो, हॉट टबचं मात्र तेच पाणी कितीतरी दिवस राहतं, म्हणून फिल्टर आणि जंतू मारायला क्लोरीन किंवा ब्रोमीन लागतंच. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका फुलांच्या प्रदर्शनात शोसाठी ठेवलेल्या टबमधून लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू पसरला आणि किमान ३२ माणसं दगावली, ही माणसं तर टबात उतरलीही नव्हती, नुसती जवळून गेली होती. तेव्हा पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नका, गरोदरपण किंवा हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि पाण्याची टेस्ट कधीच टाळू नका.