लिनक्समधील बॅकअप ड्राइव्हचे स्वयंचलित माउंटिंग

यूएसबीला जोडलेला बाह्य ड्राइव्ह संगणक सुरू होताच, कोणी हात न लावता, ठरलेल्या फोल्डरवर उपलब्ध व्हावा, म्हणजेच ‘माउंट’ व्हावा, यासाठी लिनक्समध्ये करायची कायमची व्यवस्था. उबुंटू किंवा फेडोरा या लिनक्स प्रणालींच्या डेस्कटॉपवर ड्राइव्ह जोडताच तो माउंट होतो खरा, पण त्यासाठी कोणीतरी लॉगिन केलेले असावे लागते. रात्री २ वाजता क्रॉनने (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेने) चालणाऱ्या बॅकअपला तो भरवसा पुरत नाही. त्यामुळे ड्राइव्हची नोंद ‘एफएसटॅब’ (/etc/fstab) या, कोणता ड्राइव्ह कुठे माउंट करायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये करतात.

नोंदीच्या ओळीत सहा रकाने असतात: ड्राइव्हची ओळख, माउंट पॉइंट (ड्राइव्ह ज्या फोल्डरवर दिसायचा ते), फाइल सिस्टिम (ड्राइव्हवर फाइली साठवण्याची पद्धत), पर्याय आणि शेवटी दोन आकडे. एक्स्ट४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम असलेल्या बॅकअप ड्राइव्हसाठी हे आकडे ० व २ ठेवतात. ओळख म्हणून ‘एसडीबी१’ असे नाव कधीही लिहू नये. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ड्राइव्ह ज्या क्रमाने सापडतात त्यावर ते नाव ठरते. एखादा पेनड्राइव्ह आधीच खोचलेला असला की कालचा ‘एसडीबी’ आज ‘एसडीसी’ होतो. त्याऐवजी यूयूआयडी, म्हणजे फॉरमॅट करताना मिळणारा स्वतंत्र ओळख-क्रमांक, वापरावा. ‘ब्लकआयडी’ कमांड तो दाखवते. ड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट केला तर यूयूआयडी बदलतो आणि जुनी ओळ निकामी होते.

पर्यायांत ‘नोफेल’ (ड्राइव्ह नसला तरी अडून न बसता पुढे जा) हवाच. तो नसेल आणि ड्राइव्ह जोडलेला नसेल, तर सिस्टिमडी (संगणक सुरू करताना सगळ्या सेवा चालवणारी प्रणाली) साधारण ९० सेकंद वाट पाहते आणि मग संगणक नेहमीसारखा सुरू न होता थेट इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जातो.

मात्र नोफेलमुळे दुसरा, जास्त घातक दोष येतो. ड्राइव्ह नसला तरी माउंट पॉइंटचे रिकामे फोल्डर जागेवर असतेच, आणि आरसिंक (फाइलींच्या प्रती करणारी कमांड) निमूटपणे त्यातच, म्हणजे मूळ डिस्कवर, सगळा बॅकअप ओतते. डिस्क भरते. पुढे ड्राइव्ह माउंट झाला की त्या फाइली त्याच्याखाली झाकल्या जातात: डिस्कवरची जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड डिस्क भरल्याचे सांगते, फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला मात्र काहीच सापडत नाही. ड्राइव्ह अनमाउंट केल्यावरच त्या दिसतात. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ कमांडने तपासून ड्राइव्ह नसेल तर तिथेच थांबावे. आणि ड्राइव्ह काढलेला असताना रिकाम्या फोल्डरला ‘सीएचअ‍ॅटर’ने अपरिवर्तनीय करावे, म्हणजे रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही) त्यात लिहिता येत नाही.

फाइल बदलल्यावर ‘फाइंडमाउंट’च्या व्हेरिफाय पर्यायाने ओळ तपासावी, सिस्टिमडीला डीमन-रीलोड द्यावे (म्हणजे ती बदललेली फाइल पुन्हा वाचते) आणि ‘माउंट’ला ‘ए’ पर्याय लावून नोंद चालवून पाहावी. रीबूट त्यानंतरच.

नवा एक्स्ट४ ड्राइव्ह रूटच्या मालकीचा असतो. माउंट झाल्यावर एकदा ‘सीएचओन’ करून मालकी बदलावी, आधी केल्यास ती फक्त खालच्या रिकाम्या फोल्डरला लागते. एक्सफॅट या फाइल सिस्टिमवर लिनक्सची मालकी व परवानग्या साठवल्याच जात नाहीत, त्यामुळे सिस्टिमच्या बॅकअपला तो नको. एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) असलेला ड्राइव्ह विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू ठेवून बंद केलेल्या संगणकावरून आणला असेल, तर तो बहुधा फक्त वाचण्यापुरता माउंट होतो किंवा होतच नाही. विंडोज पूर्ण बंद करून तो काढावा.