चिठ्ठी, ट्विट आणि रोमीतले मेसेज

जीव देऊ पाहणाऱ्याचे शब्द आधीच काही सांगून जातात का, हा प्रश्न संगणकापेक्षा फार नवा नाही. एडविन श्नाइडमन आणि नॉर्मन फार्बरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली आत्महत्येआधी लिहिलेल्या ३३ खऱ्या चिठ्ठ्या आणि इतरांकडून मुद्दाम लिहून घेतलेल्या ३३ चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या. सिनसिनाटीतल्या जॉन पेस्टियन यांच्या गटाने २०१० मध्ये याच चिठ्ठ्या यंत्राला वाचायला दिल्या. खरी कुठली, बनावट कुठली हे ओळखण्यात यंत्र मानसोपचारातल्या जाणकारांपेक्षा सरस ठरलं. आज अशा यंत्रांचा गाजावाजा मोठा आहे, पण सुरुवातीचा गठ्ठा एवढासाच. तोही इंग्रजी, आणि खऱ्या चिठ्ठ्या गेलेल्या माणसांच्या.

जिवंत माणसाचं लिखाण चाळायला घेतल्यावर गोष्ट बिघडली. ब्रिटनमधल्या सॅमॅरिटन्स या आत्महत्या रोखण्यासाठी झटणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘रडार’ नावाचं ॲप काढलं. तुम्ही फॉलो करत असलेल्या कुणाचं ट्विट काळजीचं वाटलं की तुम्हाला ईमेल यायचा. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नसे. दोन आठवड्यांच्या आत ते थांबवावं लागलं. ज्याला त्या माणसाला छळायचंय त्याच्याही हातात तोच ईमेल पडणार, हे आधी कुणाला सुचलं नसेल का? फेसबुकने २०१७ मध्ये पोस्ट तपासणारी यंत्रणा अमेरिकेबाहेर नेली, ती युरोपीय संघ वगळून.

आपल्याकडे तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हाच होता. मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ११५ मुळे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जाऊ लागलं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम ठरलं.

गोव्यात मात्र अशा यंत्राला आधी भाषेचीच ठेच लागेल. म्हापशातला कॉलेजचा मुलगा घरी मराठी, मित्रांत कोंकणी बोलतो, त्यात इंग्रजी मिसळतो आणि सगळं रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, टाइप करतो. ज्याचं त्याचं स्पेलिंग वेगळं. शिवाय हे चालतं व्हॉट्सॲपवर, जिथले मेसेज २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा सोडून वाटेत कुणाला वाचता येत नाहीत.

गोव्याचं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या, १९९६ पासून इथे असलेल्या संगाथ संस्थेत मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या गटाने, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांशी बोलायला आरोग्य केंद्रांत बसवलं. सरकारी केंद्रांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. हा अभ्यासही २०१०चाच. यंत्राने धोक्याची खूण केली, तरी पुढचा फोन अशाच कुणालातरी करावा लागतो. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू आहे, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.