रोझ परेडमधली खेचरं, आणि त्यांच्या मागचा शंभर-सव्वाशे वर्षांचा रस्ता

कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला नवीन वर्षाच्या सकाळी रोझ परेड निघते, त्यातले फुलांनी मढवलेले फ्लोट, म्हणजे चित्ररथ, सगळ्यांना माहीत असतात, पण त्याच परेडमध्ये अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसची, म्हणजे सरकारी वनखात्याची, खेचरंही चालली आहेत, पुढे घोड्यावर युनिफॉर्ममधला माणूस आणि मागे एकामागे एक बांधलेली खेचरं. बघणाऱ्याला वाटतं जुन्या काळाची आठवण म्हणून आणलीत. तसं नाहीये. ही नोकरीवरची जनावरं आहेत, परेड संपली की परत डोंगरात ओझी वाहायला जातात, आणि म्हणूनच मला त्या अख्ख्या मिरवणुकीत सगळ्यात खरं काही वाटतं तर ती रांग.

मुळात ही परेडच घोड्यांची. 1890 साली तिथल्या व्हॅली हंट क्लबच्या लोकांनी सुरू केली, तिकडे न्यूयॉर्क बर्फात गाडलेलं असताना आमच्याकडे गुलाब फुलतात हे दाखवायला, आणि तेव्हा फ्लोट म्हणजे फुलं लावलेल्या घोडागाड्या. आजही 1 जानेवारी रविवारी आला तर परेड सोमवारी काढतात, हा नियम 1893 चा, कारण काय तर चर्चबाहेर बांधलेले घोडे गोंगाटाने बुजतील. आता तिथे कोण घोडा बांधून प्रार्थनेला जातं? पण नियम आहे तसाच आहे.

आणि परेडच्या रस्त्यामागे उभे दिसतात ना ते सॅन गॅब्रिएल डोंगर, खेचरांचा खरा इतिहास तिथला. खालच्या संत्र्यांच्या बागांना पाणी या डोंगरातून यायचं, जंगल जळलं-तुटलं की पावसाळ्यात पूर, एरवी टंचाई, म्हणून 1892 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी हे जंगल राखीव केलं, कॅलिफोर्नियातलं पहिलं, आजचं अँजेलिस नॅशनल फॉरेस्ट. माउंट विल्सनवर 1904 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी वेधशाळा उभारायला घेतली तेव्हा सुरुवातीचं कितीतरी सामान खेचरांच्या पाठीवरूनच वर चढलं.

फॉरेस्ट सर्व्हिस स्थापन झाली 1905 साली, थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष आणि गिफर्ड पिंचो पहिले प्रमुख. तेव्हा रेंजर व्हायचं तर नुसती लेखी परीक्षा देऊन भागत नव्हतं, जनावरावर खोगीर घालून ओझं नीट बांधून दाखवावं लागायचं, आणि घोडा स्वतःचा आणायचा. 1910 च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत जवळपास 30 लाख एकर जंगल जळलं, निदान 85 माणसं गेली, बहुतेक आग विझवणारी. दुर्गम भागात माणसं, अन्न, हत्यारं वेळेवर पोचवायची कशी हा प्रश्न त्यानंतर खात्याच्या मानगुटीवरच बसला. त्यातून 1930 मध्ये मोंटानात मिसूलाजवळ नाइनमाइलचा तळ निघाला, तिथे नऊ खेचरं, एक पॅकर (जनावरांवर ओझी बांधून ती नेणारा माणूस) आणि त्याचा घोडा अशी तुकडी कायम तयार, निरोप आला की ट्रकमध्ये चढवून रस्ता संपेपर्यंत न्यायची आणि पुढे पायी. मग रस्ते वाढले, पॅराशूटने आगीजवळ उड्या मारणारे आले, आणि 1953 ला तो तळ बंद झाला.

इथे खेचरांची गोष्ट संपायला हवी होती, पण 1964 चा वाइल्डरनेस कायदा आला, रान आहे तसं राखायचा. जी जंगलं त्याखाली येतात तिथे गाडी नाही, मोटारसायकल नाही, सायकलसुद्धा नाही, पायवाटेवर पडलेलं झाड कापायचं तर रेंजरही सहसा दोघांनी ओढायची हातकरवतच घेतात. आपल्याकडे माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांची गाडी जात नाही आणि सामान घोड्यावर चढतं, तसंच समजा, फक्त तिकडे कित्येक दिवसांची चाल असते. मग पूल दुरुस्तीची लाकडं, अवजारं, कामगारांचं रेशन नेणार कोण?

एका खेचरावर साधारण 70 किलो. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं, नाहीतर खोगीर एका बाजूला सरकतं आणि पाठ सोलवटते, म्हणून चांगला पॅकर निघायच्या आधी प्रत्येक गठ्ठा हाताने उचलून तोलतो, सामान कॅनव्हासमध्ये गुंडाळून दोराने आवळतो. आणि पुढच्या खेचराच्या खोगिराला एक बारीक दोराचा फास असतो, मागच्याचा कासरा त्याला बांधायचा. तो फास मुद्दाम कच्चा ठेवतात. कड्याच्या वाटेवर एखादं खेचर घसरलंच तर तो तुटतो आणि बाकीची रांग त्याच्याबरोबर दरीत ओढली जात नाही. एवढ्याशा दोरावर सगळ्यांचा जीव असतो हो.

खेचर मिरवणुकीला चांगलं हेही खरंच आहे, गाढवाचा सावधपणा आणि घोडीची उंची, ताकद, उगाच बिथरत नाही. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी बिशप गावात तर 1969 पासून मेच्या शेवटी खेचरांचा खास उत्सव भरतो आणि त्याचीही परेड निघते, तिच्यात इंजिनाची एकही गाडी नसते, नुसते खुरांचे आवाज.