गिट स्टॅश: अर्धवट कोड जातो कुठे?

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या असतात. त्या बंद झाल्या की त्यांच्याच दारात गराडू नि भुट्ट्याच्या किसाची दुकानं लागतात. हे जमतं, कारण सराफ माल आवरून तिजोरीत ठेवतो. तिकडे शहरातल्याच, आयटी कंपन्यांच्या सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या ऑफिसात हीच आवराआवर भरदिवसा करावी लागते. बिलाचं नवं पान अर्धंच झालंय, कोड धड चालतही नाही, आणि पलीकडून हाक येते, "अगं, जीएसटीचा आकडा चुकतोय, आधी ते बघ ना!"

चालत नसलेला कोड कमिट करायचा, म्हणजे पक्की नोंद म्हणून जतन करायचा? की फोल्डरची कॉपी करून तिला 'फायनल २' नाव द्यायचं? दोन्ही करणारे पुष्कळ आहेत. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये मात्र २००७पासून यासाठी 'स्टॅश' आहे. (लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं ते २००५ साली, लिनक्स कर्नलच्या कामासाठी.) स्टॅश केलं की फायली शेवटच्या कमिटला होत्या तशा होतात. जीएसटी दुरुस्त करा, कमिट करा, मग 'पॉप' म्हणा. अर्धं पान पुन्हा हजर.

मधल्या काळात ते पान असतं कुठे? मला यातली गंमत अशी वाटते, की गिटने त्यासाठी वेगळी तिजोरी बांधलेलीच नाही. स्टॅश हाही एक कमिटच, फक्त कुठल्या ब्रांचवर, म्हणजे कामाच्या फांदीवर, नसलेला. साध्या कमिटला एक पालक (म्हणजे आधीचा कमिट) असतो, याला दोन: तुम्ही ज्यावर काम करत होता तो कमिट, आणि 'अ‍ॅड' करून (म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडून) ठेवलेल्या बदलांची नोंद करणारा दुसरा. म्हणून काय अ‍ॅड केलं होतं नि काय नव्हतं, हेही शाबूत राहतं. ती विभागणी परत हवी असेल तर पॉप करताना 'इंडेक्स' हा पर्याय द्यावा लागतो.

फसगत होते ती नव्या फायलींची. जी फाइल गिटला कधी दाखवलीच नाही, ती स्टॅश उचलत नाही. ती फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. 'यू' हा पर्याय दिला की तीही आत जाते, आणि तिच्यासाठी कमिटला तिसरा पालक जोडला जातो!

पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे एकाच जागचे दोन बदल एकमेकांना भिडले, तर स्टॅश पुसला जात नाही, हे बरं. पण तो असतो तुमच्याच मशीनवर. नेहमीच्या पुशबरोबर सर्व्हरवर जात नाही. शिवाय नाव न देता केलेल्या स्टॅशची यादी वाचवत नाही: ओळीमागून ओळ 'डब्ल्यूआयपी ऑन मेन' (मेन ब्रांचवरचं अर्धवट काम), त्यापुढे त्या कमिटचा मथळा. सगळ्यात नवा शून्य नंबरचा, बाकीचे एकेक पायरी खाली. 'एम' हा पर्याय लावून नावाचे चार शब्द लिहायला काय जातं?

महिनाभर पडून राहिलेला स्टॅश बदललेल्या कोडवर बसता बसत नाही. तेव्हा 'गिट स्टॅश ब्रांच' वापरावं. स्टॅश ज्या कमिटवर केला होता तिथूनच ते नवी ब्रांच काढतं आणि बदल तिच्यावर लावतं, त्यामुळे भांडण होत नाही. ते पुढे मर्ज करताना, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळताना, काय व्हायचं ते होईल.