पंप तेल ओढत नाही

'तेल जितके घट्ट, तितके वंगण चांगले' हा समज इतका मुरलेला आहे की ओंडके फोडायच्या हायड्रॉलिक यंत्रातही लोक हाताशी असेल ते जाड इंजिन ऑइल ओततात. गारठ्यातल्या सकाळी यंत्र सुरू केले की पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येतो. मग वंगण कमी पडले असे वाटून आणखी घट्ट तेल! दुखणे नेमके त्यानेच वाढते.

या यंत्रात तेल वंगण तर असतेच, पण पाचरीला जोरही तेच पोचवते. 10 सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर 200 बार दाब आला की साधारण 16 टनांचा रेटा तयार होतो. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत झालेला आहेच. मात्र ही सगळी ताकद तेल पंपातून बाहेर पडते त्या बाजूची. तेल आत येते तिथे काय असते?

द्रवाला दोरीसारखे ओढता येत नाही. पंपातल्या गिअरचे दाते एकमेकांतून सुटताना मोकळी जागा होते आणि टाकीतल्या तेलावरची हवा तेलाला त्या जागेत ढकलते. हवेचा दाब फार तर 1 बार. पलीकडे 200, अलीकडे जेमतेम 1! तेल घट्ट असेल, गाळणी तुंबली असेल किंवा टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर होण्याची वाट) भुशाने बुजला असेल, तर एवढ्याशा बळावर तेल वेळेत पोचत नाही आणि तिथला दाब घसरतो. खनिज तेलात घनफळाच्या 8-10 टक्के हवा विरघळलेली असते. सोड्याची बाटली उघडावी तसे तिचे बुडबुडे सुटतात. दाब फारच उतरला तर तेलाची वाफही होते. हे बुडबुडे दात्यांबरोबर फिरत दाबाच्या बाजूला येतात आणि क्षणात चिरडले जातात. उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही असे धरले, तर 200 पट दाबाने हवेचे निरपेक्ष (उणे 273 अंश सेल्सिअसपासून मोजलेले) तापमान सुमारे साडेचार पट होते, म्हणजे 1000 अंश सेल्सिअसच्या वर. भोवतीचे तेल करपते. वाफेचा बुडबुडा धातूलगत मिटला, तर तेलाची सुईसारखी धार धातूवर आदळते. असा पंप उघडला की आतला गुळगुळीत पृष्ठभाग वाळवीने खाल्लेल्या फळीसारखा दिसतो.

म्हणून तेल यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेलेच घालावे, बहुधा आयएसओ व्हीजी 32 किंवा 46 (हे आकडे तेलाच्या घट्टपणाची प्रत सांगतात). आणि थंडीत थोडा वेळ यंत्र रिकामे चालू द्यावे. 'झीज थांबवणाऱ्या' चमत्कारी बाटल्यांवर मुळीच विश्वास ठेवू नये. झीजरोधक रसायने चांगल्या हायड्रॉलिक तेलात आधीच असतात, आणि तुंबलेली गाळणी कुठल्याही बाटलीने मोकळी होत नाही.

तेल दुधाळ दिसले तर थोडे काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा. खालून वर निवळत गेले तर त्यात हवा होती. टाकीतली पातळी आणि सक्शन पाइपचा (टाकीतून पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीचा) क्लॅम्प तपासा. तसेच गढूळ राहिले तर पाणी शिरले आहे, तेल बदला.

ग्रीसचा पातळ थर फक्त सरकत्या भागाखालच्या तुळईवर द्यावा. दट्ट्याच्या चकचकीत दांड्याला ग्रीस लावले की त्यावर भुसा बसतो आणि सील खरवडले जाते.

होजची (दाबाचे तेल नेणाऱ्या लवचिक नळीची) गळती शोधायला हात कधीही फिरवू नका. केसाएवढी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. पुठ्ठा लांबून धरून फिरवा. त्यावर तेलाचा डाग उमटला की यंत्र बंद करा, दाब उतरवा आणि मगच होज बदला.